जुनं मशीन घ्यावं की नवं? छोट्या वर्कशॉपवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरचा. फाउंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगचं मशीनिंग करतो. शेडमध्ये सहा मशीनं आहेत, चार जुनी घेतलेली आणि दोन कोरी. नवीन धंदा टाकणारी पोरं आणि पहिलं सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) घ्यायला निघालेले माझ्या वयाचे लोक, दोघंही फोन करून तेच तेच विचारतात. तेव्हा एकदाच लिहून ठेवतो.

एका वाक्यात सांगा, जुनं की नवं?

हँडल फिरवून चालणारं मशीन जुनं घ्या, कंट्रोलरवर चालणारं नवं घ्या.

याला अपवाद आहेत आणि ते खाली येतील. पण कारण सरळ आहे. लोखंडाची झीज डोळ्यांना दिसते, नखाला लागते, डायल गेजवर मोजता येते आणि पैसे टाकले की भरूनही काढता येते. इलेक्ट्रॉनिक कार्ड तसं नसतं. आज चालू असतं, उद्या सकाळी स्क्रीन काळी. वर ते कार्ड बनायचं बंद होऊन पंधरा वर्षं झालेली असतात.

पहिलंच वर्कशॉप आहे, हातात सात-आठ लाख आहेत. काय घेऊ?

सगळे पैसे मशीनवर उडवू नका, ही पहिली विनंती. चक (जॉब पकडणारा), टूल होल्डर, इन्सर्ट, ड्रिलचा सेट, व्हाइस, मायक्रोमीटर, बोअर गेज, वायरिंग, अर्थिंग, शेडची डिपॉझिट हे सगळं धरलं की हातातल्या रकमेचा तिसरा हिस्सा कुठे गेला ते कळतही नाही. मशीन आलं आणि टूलला पैसे नाहीत अशा अवस्थेत दोन महिने बसलेली माणसं मी पाहिली आहेत. एक तर माझ्याच घरात होता, माझा धाकटा भाऊ.

एक चांगला जुना लेथ (जॉब फिरवून कापणारं मशीन), एक जुनं मिलिंग, एक पिलर ड्रिल आणि बेंच ग्राइंडर. एवढ्यावर जॉबवर्क सुरू होतं. पहिल्या सहा महिन्यांत कुठलं काम तुमच्याकडे जास्त येतंय ते कळेल. पुढचं मशीन त्या कामासाठी घ्या.

जुन्या एचएमटी लेथला अजून एवढी किंमत का? नावाचेच पैसे ना?

थोडे नावाचे, बरेचसे बिडाचे. एचएमटी 1953 साली बंगळूरला स्विस कंपनी ओर्लिकॉनच्या सहकार्याने उभी राहिली. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर तर 1941 ची. मिलिंगमध्ये बीएफडब्ल्यू (भारत फ्रित्झ वेर्नर) आली 1961 मध्ये, जर्मनीच्या फ्रित्झ वेर्नरचं तंत्र घेऊन. या लोकांनी कास्टिंगमध्ये कंजुषी केली नाही. एचएमटीच्या एनएच 22 लेथचा बेड (ज्यावर बाकीचे भाग बसतात, सरकतात तो पाया) पहा, खालच्या रिब्स पहा. जड कटला मशीन थरथरत नाही, ते या वजनामुळे. मॉडेलमधला 22 म्हणजे सेंटरची (जॉब ज्या मध्यरेषेवर फिरतो तिची) बेडपासूनची उंची 220 मिलिमीटर, 26 म्हणजे 260. जाहिरातीत नुसतं ‘एचएमटी लेथ’ लिहिलं असेल तर आधी हा आकडा विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे सुटे भाग. ही मशीनं देशभर इतकी पसरली आहेत की गिअर, नट, क्लच प्लेट बनवून देणारा कुणी ना कुणी सापडतोच. इथल्या उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, तर नुसता मोडका गिअर घेऊन गेलात तरी दात मोजून नवा कापून देतात.

पण नुसती पाटी पाहून पैसे देऊ नका. पाटी दोन रिव्हेटवर असते, ती काढता येते आणि दुसऱ्या मशीनवर लावताही येते.

त्याच पैशात कोरा करकरीत लेथ मिळतोय. मग जुना कशाला?

बटाला, लुधियाना, राजकोट इथून नवे लेथ येतात आणि त्यात चांगले-वाईट दोन्ही असतात. दुरुस्ती, बुशिंग, शाफ्टिंग असलं काम असेल तर हलका नवा लेथ बिनधास्त घ्या. रोज 20 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत बसायचं असेल तर मात्र पाच प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊ नका: बेड इंडक्शन हार्डन केलाय का, ग्राइंड केलाय की नुसता प्लेन करून वर स्क्रॅपिंगची नक्षी काढली आहे, हेडस्टॉकचे (चकाच्या बाजूच्या गिअरच्या पेटीचे) गिअर हार्डन आणि ग्राइंड आहेत का, स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) बेअरिंग कुठल्या मेकचं, आणि मशीनचं वजन किती?

वजनाचा प्रश्न सगळ्यात बोलका. सेंटरची उंची सारखी असून एक मशीन दुसऱ्यापेक्षा पाचसातशे किलोने हलकं असेल, तर ते बीड कुठून तरी काढलेलंच असणार.

ताजं ओतलेलं बीड आतून ताणलेलं असतं हेही लक्षात ठेवा. पूर्वी बेडची कास्टिंग रफ मशीनिंग करून महिनोन्‌महिने उघड्यावर टाकून ठेवत, ऊनपाऊस खाऊ देत. आता भट्टीत ताण काढतात, काही ठिकाणी तेही टाळतात. असा बेड वर्षभरात हळूच पीळ घेतो आणि आपण टर्नरला दोष देत बसतो. तीस वर्षांच्या जुन्या बेडला जे वाकायचं होतं ते केव्हाच वाकून झालेलं असतं.

जुना लेथ पाहायला गेलो तर नेमकं काय पाहू?

जाताना बरोबर न्या: मॅग्नेटिक स्टँडसह डायल, 25–50 चा मायक्रोमीटर, टॉर्च, एक छोटा मॅग्नेट, पांढरं फडकं आणि 50 मिलिमीटर व्यासाचा हातभर बार. जॉब लावून चालवून दाखवत नसेल तर चहा पिऊन परत या.

आधी रंगाकडे पहा. रंग ताजा असणं हा गुन्हा नव्हे, पण तेलाच्या निपलवर, पाटीवर आणि हँडलच्या डायलच्या रेघांवरही रंग चढला असेल तर स्प्रे मारणाऱ्याने मशीन उघडलेलं नाही. जिथे पुट्टी जाड दिसेल तिथे नाण्याने ठोकून पहा. वेल्डिंग केलेली चीर पुट्टीखालीच लपते.

मग बेड. चकाच्या खाली, जिथे सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) कधी पोचत नाही, तो भाग कोरा राहिलेला असतो. तिथून सॅडलच्या वाटेकडे नख ओढत या. पायरी लागली तर ती झीज. यापेक्षा पक्की परीक्षा माझ्या पहिल्या फिटरने शिकवली, ज्याला अख्खं उद्यमनगर मामा म्हणायचं. सॅडल चकाजवळ आणायचं, मागची क्लॅम्प पट्टी एवढीच आवळायची की हँडव्हील जरा जड फिरेल. मग सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाला, न्यायचं. शेवटपर्यंत सारखंच जड राहिलं तर बेड चांगला. मध्येच घट्ट होऊन अडकलं तर चकाजवळ बेड खाल्ला गेलाय, आणि जितकं लवकर अडकेल तितकी झीज जास्त. मामा ही परीक्षा करताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, सॅडलकडे नाही.

स्पिंडलच्या आतल्या टेपरवर डायल लावून हाताने फिरवा. 10 मायक्रॉनच्या आसपास रनआउट (फिरताना काट्याची हालचाल) असेल तर ठीक. मग डायल स्पिंडलच्या नोजवर लावा, चकाखाली लाकडी दांडा घालून वर उचला. काटा जेवढा हलेल तेवढा बेअरिंगमधला प्ले. तो थोडा असेल तर नट आवळून जातो. आवळूनही राहिला तर बेअरिंगचा खर्च धरा, आणि प्रिसिजन बेअरिंगचा भाव आधी दुकानात विचारून या. पुष्कळांचा तिथेच विचार बदलतो.

सगळे स्पीड एकेक करून लावा. एकाच स्पीडला टक-टक आवाज येतो म्हणजे त्या गिअरचा दात उडालाय. सगळ्यांत वरच्या स्पीडला अर्धा तास चालू ठेवून हेडस्टॉकवर पुढच्या बेअरिंगपाशी हात ठेवा. हात टिकला पाहिजे. मग खालचा प्लग खोलून थोडं तेल फडक्यावर घ्या. पिवळी चमक दिसली तर पितळ झिजतंय, मॅग्नेटला चिकटली तर गिअर.

लीड स्क्रूचे (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूचे) आटे चकाजवळ आणि टेलस्टॉकजवळ असे दोन्हीकडे पहा. चकाजवळचे पातळ, टोकदार दिसतील. फार फरक असेल तर लांब आटे पाडताना पिच चुकणार. क्रॉस स्लाइडच्या हँडलला थोडा बॅकलॅश (दिशा बदलताना लागणारा रिकामा फेर) असला तर घाबरू नका, पितळी नट बदलला की जातो, आणि तोवर टर्नर एकाच बाजूने येऊन भागवतो.

शेवटी बार. चकातून 150 मिलिमीटर बाहेर काढा, टेलस्टॉक न लावता हलका फिनिश कट घ्या, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. फरक 20 मायक्रॉनच्या आत असेल तर बाकी बोलणी सुरू करा. जास्त निघाला तरी लगेच उठू नका. आधी लेव्हल लावून पहा, कारण मशीन वाकडं बसवलेलं असेल तरी टेपर येतो. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नसतं आणि मशीन स्वस्तात मिळून जातं.

मशीन आधी कुठे चालत होतं याने फरक पडतो का?

सालापेक्षा जास्त. आमच्या भागात हा पहिला प्रश्न असतो: बिडावर चाललंय की स्टीलवर?

बीड कोरडं कापतात. त्याचा बुरा काजळीसारखा बारीक उडतो, बेडवरच्या तेलात मिसळतो आणि त्याचं लॅपिंग पेस्ट होतं. दिवसभर सॅडल त्यावरून घासत राहतं. दहा वर्षं बिडावर चाललेला लेथ पंचवीस वर्षं टूलरूममध्ये चाललेल्या लेथपेक्षा म्हातारा निघतो. मी स्वतः बिडाचं काम करतो म्हणून सांगतो, माझं मशीन विकायला काढीन तेव्हा दुप्पट बारकाईने बघा.

उत्तम मशीनं मिळतात ती आयटीआय, पॉलिटेक्निक, कंपन्यांच्या मेंटेनन्स विभागात आणि टूलरूममध्ये. कॉलेजचं मशीन मात्र हँडलं, लिव्हर नीट पाहून घ्या. बेड कोरा असतो, पण पोरांनी चालू स्पीडला गिअर टाकून दात उडवलेले असतात. ग्राइंडिंगच्या शेजारी उभ्या असलेल्या मशीनपासून लांब रहा, तिथली धूळ तर सरळ एमरीच.

बेड झिजलाय पण मशीन स्वस्त आहे. बेड ग्राइंडिंग करून घेऊ का?

करता येतं, पण नुसतं ‘बेड ग्राइंड करून देतो’ या शब्दाला भुलू नका. बेड अर्धा मिलिमीटर ग्राइंड केला की सॅडल तेवढं खाली बसतं. त्याबरोबर एप्रनही (सॅडलला पुढून लटकलेली गिअरची पेटी) खाली येतो, पण लीड स्क्रू आणि फीड रॉडचे ब्रॅकेट बेडच्या कुशीला जिथल्या तिथे असतात. मग हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभंग नट) लावला की स्क्रू वाकतो, रॅक-पिनियनची जुळणी बिघडते. म्हणून सॅडलखाली टर्साइटची (घसरत्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवून ती स्क्रॅप करून उंची परत आणावी लागते, आणि टेलस्टॉकची उंची वेगळी जुळवावी लागते. तेव्हा ‘रिकंडिशन’ म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, ‘सॅडलखाली काय लावलंय?’ उत्तर लगेच आलं तर माणूस काम जाणतो. ‘काही लावायची गरज नाही साहेब’ असं आलं तर नुसतंच घासलेलं आहे.

खर्चाचं गणित असं धरा: जुन्याची किंमत, ग्राइंडिंग, सॅडलचं काम, बेअरिंग आणि दोन वेळची वाहतूक मिळून रक्कम चांगल्या अवस्थेतल्या जुन्या मशीनच्या भावाला पोचत असेल तर ते चांगलंच मशीन घ्या.

मिलिंग, ग्राइंडर, ड्रिल, शेपर यांचं काय?

मिलिंगचं टेबल मधोमध झिजतं. मध्यावर गिब (ढिलेपणा काढणारी पट्टी) घट्ट करा आणि टेबल टोकाला न्या, तिथे अडकलं तर समजा. टेबलावरची ड्रिलची भोकं मोजा. माणसाने मशीन कसं वापरलं ते त्या भोकांवरून कळतं.

ड्रिल आणि रेडियल ड्रिल डोळे झाकून जुनं. शेपर तर जवळजवळ भंगारच्या भावात मिळतो, जागा असेल तर घेऊन टाका. किल्लीची खाच आणि मोठी फ्लॅट मारायला अजून त्याच्याइतका स्वस्त नोकर नाही.

सरफेस ग्राइंडर जुना घेताना मात्र मी कचरतो. त्याचं सगळं मोल शेवटच्या पाच मायक्रॉनमध्ये असतं आणि नेमके तेच झिजलेले असतात. जाणकार ग्राइंडर ऑपरेटर बरोबर असेल तरच.

जुनं सीएनसी अर्ध्याहून कमी किमतीत मिळतंय. तरी नको?

माझी चूक आधी ऐका. एका मोठ्या शहरातल्या डीलरकडून मी जुनं टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) घेतलं. त्याच्या गोदामात चालवून पाहिलं, एकदम झकास. मग ते गोदामात दीड महिना बंद पडून राहिलं, कारण माझं फाउंडेशन तयार नव्हतं. इथे आणून वीज दिली तर स्क्रीनवर अलार्मच अलार्म. कंट्रोलरच्या मेमरीची बॅटरी संपली होती आणि पॅरामीटर सगळे पुसले गेले होते. डीलर म्हणाला, ‘चालू मशीन दिलंय.’ खोटं नव्हतं ते. पॅरामीटरची कागदी यादी दाराच्या आत चिकटवलेली असते, ती कुणीतरी फाडून नेलेली. तशाच दुसऱ्या मशीनवरून आकडे आणून, एकेक भरून, होम पोझिशन आणि टरेट (टूल बदलणारं फिरतं डोकं) जुळवेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर ज्या पार्टीसाठी मशीन घेतलं तिने काम दुसरीकडे दिलं होतं.

तेव्हा जुनं सीएनसी घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या स्विच-व्हॉल्व्हचं लॉजिक) आणि प्रोग्रॅमचा बॅकअप कार्डवर काढून स्वतःच्या खिशात घाला. बॅटऱ्या नव्या टाकायला लावा, आणि त्या मशीन चालू ठेवूनच बदलायच्या. बंद करून बदलल्या की माझ्यासारखी गत होते.

फानुक कंट्रोल असेल तर पॅरामीटर 1851 उघडून पहा. बॅकलॅश भरून काढण्यासाठी तिथे आकडा टाकलेला असतो. तो लहान असेल तर बरं. एखाद्या अक्षासाठी भलामोठा दिसला तर बॉलस्क्रू झिजलाय आणि आकड्याने झाकलाय. मग एमडीआयमध्ये (एकेक कमांड हाताने टाकायच्या मोडमध्ये) स्लाइड 10–10 मायक्रॉन पुढे-मागे हलवून डायलने खात्री करा. अलार्मची हिस्टरी पहा, तीच ती सर्व्होची तक्रार वारंवार येतेय का. टरेट शंभर वेळा फिरवा, पाच वेळा नव्हे. चक उघडझाप करून हायड्रॉलिकचा दाब पहा. स्पिंडल सर्वोच्च वेगाला वीस मिनिटं चालवा.

आणि मशीनचं साल विचारू नका, कंट्रोलचं मॉडेल विचारा. त्याची ड्राइव्ह, मोटर, कार्ड आज दुरुस्त होतात का, हे विकणाऱ्याला नाही तर गावातल्या कार्ड दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारा. तो ‘होतात’ म्हणाला तर पुढे जा.

माझी मर्यादा अशी: आठ-दहा वर्षांच्या आतलं, पहिल्याच मालकाचं, आणि ज्याचा सर्व्हिस इंजिनिअर त्याच दिवशी पोचू शकतो असं असेल तर जुनं सीएनसी चालेल. मेकॅनिकल उत्तम आणि कंट्रोल मेलेला असेल तर नवा कंट्रोल बसवायचा रस्ताही आहे, पण तो रिकामा वेळ असणाऱ्या माणसाचा. डिलिव्हरी तोंडावर असताना तिकडे जाऊ नये.

नव्याचा हप्ता परवडेल की नाही, कसं ठरवू?

कागद घ्या. समजा 20 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण 42,500. महिन्याचे 25 दिवस धरले तर रोजचे 1,700 रुपये. एका पाळीत प्रत्यक्ष चिप पडते ते सहा तास धरा, म्हणजे तासाला सुमारे 283 रुपये नुसता हप्ता. दोन पाळ्यांत बारा तास मिळाले तर तोच 142 वर येतो. यात ऑपरेटर, वीज, इन्सर्ट, भाडं काहीच नाही. तुमच्या भागातला मशीन अवरचा रेट यापुढे मांडा. एका पाळीत जमत नसेल आणि दुसऱ्या पाळीला काम नसेल, तर कोरं मशीन तुमचं नसतं, बँकेचं असतं.

पण दुसरी बाजूही त्याच कागदावर लिहा. जुनं मशीन महिन्यात तीन दिवस उभं राहिलं तर त्या तीन दिवसांचं काम, आणि त्याहून मोठं म्हणजे पार्टीचा शब्द. ऑटोमोबाइलचं काम घेतलंय, रोज माल जायचाय, अशा ठिकाणी मी नवंच घेईन. माझी दोन कोरी मशीनं त्याच लाइनला आहेत.

परदेशातून आलेलं जुनं मशीन कसं?

लोखंड बहुधा उत्तम, वीज वेगळी. जपानचं मशीन 200 व्होल्ट थ्री फेजवर चालतं. आपल्याकडे 415, म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर. तो किमतीत आहे का ते विचारा. अमेरिकेतलं मशीन 60 हर्ट्‌झचं. साध्या मोटरचं असेल तर आपल्या 50 वर ती हळू फिरते.

जुन्या विलायती लेथला लीड स्क्रू इंची असतो. त्यावर मेट्रिक आटे पाडायला 127 दातांचा गिअर लागतो, कारण 127 मिलिमीटर म्हणजे बरोबर 5 इंच. बाजूचा डबा उघडून तो गिअर आहे का पहा, नसेल तर कापून घ्यायचा खर्च धरा. आणि तसे आटे पाडताना हाफ नट उघडायचा नाही, मशीन उलटं फिरवून मागे आणायचं. नवा टर्नर इथे हमखास फसतो.

स्वतः आयात करायच्या भानगडीत छोट्या माणसाने पडू नये. कस्टम्सला चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन, बंदरावरचं भाडं, एजंट हे सगळं एका मशीनसाठी अंगावर घेण्यात अर्थ नाही.

बँक जुन्या मशीनला कर्ज देते का?

देतात काही, पण तोंड वाकडं करून. मूल्यांकनाचा दाखला मागतात, मुदत कमी, तुमचा हिस्सा जास्त. नव्या मशीनचं कोटेशन मात्र मॅनेजर आनंदाने ठेवून घेतो. सहकारी बँका आणि पतसंस्था माणूस ओळखून देतात, तिथे जुन्याचं काम होतं. मुद्रा योजनेची ‘तरुण’ मर्यादा 10 लाख आहे. ती फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत ‘तरुण प्लस’ आहे. अनुदानाच्या योजनेत जायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारा. या योजनांचा कल नव्या मशीनकडेच असतो, आणि मंजुरीआधी घेतलेलं मशीन नंतर दाखवता येत नाही.

जीएसटी आणि घसारा?

सीएला विचारा, पण दोन गोष्टी ठाऊक असू द्या. नव्या मशीनवर 18 टक्के कर लागतो आणि नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून भाव करताना कर बाजूला ठेवून बोला. जुन्यावर डीलर पूर्ण किमतीवर कर लावतोय की फक्त आपल्या नफ्यावर, ते बिल बनण्याआधी विचारा. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून घेतलं तर क्रेडिट नाही, घसारा नाही, बँकेत तारण नाही, आणि परराज्यातून आणताना रस्त्यात ई-वे बिल मागितलं तर तोंड दाखवायला जागा नाही. मशीनरीवर आयकरात 15 टक्के घसारा मिळतो, वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा. मार्चअखेरीस मशीन घ्यायची घाई करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

लिलावातलं मशीन घ्यावं का?

तिथे ‘जसं आहे, जिथे आहे’ तत्त्वावर विकतात. शेडची वीज कापलेली असते, त्यामुळे चालवून पाहता येत नाही. हाताने फिरवून, तेल पाहून, नखाने बेड चाचपून जेवढं कळेल तेवढंच. मी साधी मशीनं घेतली आहेत लिलावात, सीएनसी कधीच नाही. ठरलेल्या मुदतीत उचललं नाही तर जागेचं भाडं सुरू होतं, तेव्हा बोली लावण्याआधी हायड्रावाल्याला (क्रेनवाल्याला) विचारून ठेवा.

लिलाव नसेल आणि थेट कारखानदाराकडून घेत असाल तर मशीन बँकेकडे गहाण नाही ना, याची चौकशी करा. लिहून घ्या. ओळखीचा आहे म्हणून सोडू नका.

मशीन ठरलं. आणून बसवताना काय सांभाळायचं?

उचलण्याआधी सॅडल आणि टेलस्टॉक सरकवून तोल साधा आणि क्लॅम्प करा. पट्टा बेडखालून घ्या. लीड स्क्रू किंवा फीड रॉडवर पट्ट्याचा भार आला की स्क्रू वाकलाच. पट्टा आणि बेडच्या मध्ये लाकूड घाला. शेडच्या दाराची उंची आणि आतलं वळण आदल्या दिवशी टेपने मोजा. हे वाचून हसू येईल, पण मिलिंगचं डोकं दारात अडल्यावर वरची भिंत फोडावी लागलेला माणूस हे लिहितोय.

फाउंडेशनचं काँक्रीट 28 दिवस मुरू द्या. मशीन बसल्यावर 0.02 मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल बेडवर आडवी, मग उभी ठेवा, चकाकडे आणि टेलस्टॉककडे दोन्हीकडे. पहिल्या आठवड्यात सगळं तेल बदलून टाका, आधीच्या मालकाने ‘कालच बदललंय’ म्हटलं असलं तरी. मग महिनाभर चालवून पुन्हा लेव्हल लावा, कारण मशीन बसत जातं. दुसऱ्या वेळचा आकडा तारखेसह इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पॅरामीटरची यादी असेल तर तिच्याच शेजारी.